उशीखालचा फोन आणि अम्मांची परवानगी

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी वाचक 31 वर्षांची आहे. तिचे वडील सिंधी आणि आई मराठी. घरात बोलणे मराठीत होते. सिंधी तिला समजते, पण तुटक. तिच्या 88 वर्षांच्या आजी, ज्यांना घरातले सगळे 'अम्मा' म्हणतात, कराचीत जन्मल्या, 1948 च्या आरंभी आईवडिलांबरोबर जहाजाने मुंबईला आल्या आणि कल्याणच्या निर्वासित छावणीत वाढल्या. आयुष्यभर त्या या विषयावर बोलल्या नाहीत. गेल्या वर्षभरापासून मात्र रात्री झोप लागण्यापूर्वी त्या त्याच दिवसांबद्दल बोलू लागल्या आहेत. एका रात्री नातीने त्यांच्या उशीखाली फोन ठेवून सुमारे 40 मिनिटांचे बोलणे त्यांना न सांगता रेकॉर्ड केले. त्यात अम्मा सिंधीतून 'दादीला मागे ठेवून आलो' असे पुन्हा पुन्हा म्हणतात. नातीने हे वडिलांना मराठीत सांगितले, तेव्हा ते म्हणाले, की अम्मांच्या आजी फाळणीपूर्वीच वारल्या होत्या, म्हणजे हा वयाचा गोंधळ आहे, आणि जुनी जखम कुणी उकरू नये. काकांनाही आईच्या आठवणींचा भरवसा वाटत नाही, कारण जहाज लागले तेव्हा मुसळधार पाऊस होता असे अम्मा सांगतात आणि छावणीच्या नोंदणीचा कागद फेब्रुवारीचा आहे. वाचकाने विचारले आहे, की अशा विसंगत आठवणी जपण्यात अर्थ आहे का, वडिलांच्या विरोधात जाऊन काम पुढे न्यावे का, आणि न्यायचे असेल तर कसे.

उत्तर:

'अम्मा जाण्याआधी त्यांच्याकडून सगळे काढून घ्यायला हवे' असे एक वाक्य तुमच्या पत्रात आहे. ते तुम्ही मायेने आणि घाईने लिहिले आहे, आणि ती घाई मला समजते, कारण 1947 आणि 1948 कळत्या वयात पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. तरीही 'काढून घेणे' या शब्दापाशी मी थांबले. ज्या मुलीकडून अकराव्या वर्षी घर, शाळा, शेजार आणि तिच्या भाषेचा मुलूख काढून घेतला गेला, तिच्याकडून आता आठवण तरी काढून घेऊ नये. ती त्यांनी द्यावी, आणि द्यायची की नाही, किती द्यायची, कुणाला द्यायची, हे त्यांनी ठरवावे. तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे मी या एका आधारावर देणार आहे.

म्हणून पहिले काम त्या 40 मिनिटांच्या रेकॉर्डिंगचे. तुम्ही ते वाईट हेतूने केले नाही, हे मला ठाऊक आहे. पण झोपेच्या उंबरठ्यावरचे बोलणे हे माणसाचे सर्वांत उघडे बोलणे असते, आणि ते नकळत टिपले गेले आहे. हे रेकॉर्डिंग सध्या वडिलांना, काकांना किंवा कुणा जाणकाराला ऐकवू नका. दिवसा, अम्मा ताज्यातवान्या असताना आणि खोलीत तुम्ही दोघीच असताना त्यांना साध्या शब्दांत सांगा, 'अम्मा, त्या रात्री तू बोलत होतीस ते मी फोनमध्ये ठेवून घेतले. तुला विचारले नाही, ते चुकले. तुला ऐकायचे आहे का? ठेवू की पुसून टाकू?' त्यानंतर गप्प राहा आणि उत्तराची वाट पाहा. त्या 'पुसून टाक' म्हणाल्या, तर त्यांच्यासमोरच पुसा. फोन परस्पर ऑनलाइन प्रत ठेवत असेल तर तीही काढून टाका, आणि 'आपल्यापुरती' म्हणून एकही प्रत मागे ठेवू नका. हे सांगताना मला कल्पना आहे, की कदाचित पुन्हा कधीच न मिळणारे काही त्यात असेल. पण लपवून ठेवलेल्या प्रतीच्या पायावर पुढचे बोलणे उभे राहणार नाही. आणि माझा अंदाज असा, की ज्या बाईला इतक्या वर्षांनी कुणी 'ठेवू का?' असे विचारले, ती बहुधा 'ठेव' म्हणेल, आणि कदाचित 'थांब, नीट सांगते' असेही म्हणेल.

आता त्या 'दादी'कडे येते, कारण तुमच्या घरातला निम्मा वाद या एका शब्दावर उभा आहे असे मला वाटते. तुम्ही तो शब्द ऐकला आणि मराठीत वडिलांना सांगताना 'आजी' असा केला. हिंदीत त्याचा अर्थ तोच होतो, आणि तुमचा कान सिंधीपेक्षा हिंदीला सरावलेला आहे. पण सिंधीत वडिलांच्या आईला 'ॾाॾी' म्हणतात. त्यातला पहिला वर्ण श्वास आत ओढून केलेल्या 'ड'सारखा असतो, आणि देवनागरीत सिंधी लिहिताना त्यासाठी वेगळे अक्षर वापरले जाते. 'दादी' हा सिंधीत मोठ्या बहिणीसाठीचा आदराचा शब्द आहे, जसा मोठ्या भावासाठी 'दादा'. तुमच्या घरात सगळेच 'अम्मा' म्हणत असल्यामुळे हा फरक तुमच्या कानावर कधी पडलाच नसावा. म्हणजे अम्मा आपल्या आजीबद्दल बोलतच नसतील, मोठ्या बहिणीबद्दल किंवा बहिणीसारख्या कुणा थोरल्या बाईबद्दल बोलत असतील, अशी दाट शक्यता आहे. वडिलांनी मूळ शब्द ऐकलाच नाही. त्यांनी तुमचे भाषांतर ऐकले आणि त्यावरून आईची स्मृती ढळली असा निष्कर्ष काढला. गोंधळ झाला असेल, तर तो अम्मांच्या डोक्यात झाला नसून दोन भाषांच्या मध्ये कुठेतरी झाला आहे.

हे वाचून तुमच्या मनात जी चित्रे उभी राहतील, त्यांनाही जरा थांबवा. फाळणीत मागे राहिलेली बहीण म्हटले की आपल्याला लगेच अपहरण आठवते. ते घडले, फार मोठ्या प्रमाणावर घडले, आणि अशा स्त्रियांना शोधून परत आणण्यासाठी भारताने 1949 मध्ये स्वतंत्र कायदाही केला. पण सिंधची कथा पंजाबसारखी नव्हती. पंजाबची फाळणी झाली, सिंध अख्खा पाकिस्तानात गेला. 1947 च्या उन्हाळ्यात पंजाबात जे रक्त सांडले, तसे सिंधमध्ये सांडले नाही, आणि अनेक हिंदू कुटुंबे काही दिवसांत सगळे निवळेल या आशेवर घरीच राहिली होती. 6 जानेवारी 1948 रोजी कराचीत गुरुद्वारात थांबलेल्या शिखांवर हल्ला झाला, हिंदूंची घरे लुटली गेली, आणि त्यानंतर बंदराकडे लोंढा लागला. अशा निघण्यात बहीण मागे राहण्याची कितीतरी कारणे असू शकतात. ती लग्न होऊन सासरी असेल, आणि सासरच्यांनी न निघण्याचे ठरवले असेल. आजही सिंधमध्ये हिंदू वस्ती आहे. ती आजारी असेल. ती आधीच वारली असेल, आणि 'मागे ठेवून आलो' म्हणजे तिची आठवण जिथे होती ती जागा सोडून आलो, एवढाच अर्थ असेल. आपण अंदाज बांधून प्रश्न विचारू लागलो, की सांगणारा माणूस आपल्या अंदाजाच्या साच्यात उत्तर देऊ लागतो. वृद्ध माणसे तर ऐकणाऱ्याला बरे वाटावे म्हणूनही 'हो, तसेच' म्हणून मोकळी होतात.

काकांच्या पावसाचेही मला तसेच वाटते. त्यांचा हिशेब बरोबर आहे, फेब्रुवारीत मुंबईत मुसळधार पाऊस पडत नाही. पण म्हणून अम्मांनी पाऊस कल्पनेने रचला असेही होत नाही. कल्याणच्या छावण्या दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बांधलेल्या बराकींच्या होत्या. एकेका बराकीत अनेक कुटुंबे राहत, मध्ये गोणपाट किंवा चादरी टांगून आडोसा केलेला असे. पाच कॅम्पांच्या त्या वस्तीला 1949 मध्ये उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि आजही तिथला माणूस पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतो. सिंध हा कोरडा मुलूख आहे. कराचीत वर्षाकाठी अगदी थोडा पाऊस पडतो. तिथून आलेल्या अकरा वर्षांच्या मुलीने जून 1948 मध्ये, गोणपाटाच्या आडोशाआड, कोकणपट्टीचा पहिला पावसाळा पाहिला असणार. आपण आता परत जाणार नाही, हे तिला बंदरावर उतरताना समजले की त्या पावसात, ते आपल्याला ठाऊक नाही. तिच्या मनाने 'पोहोचणे' आणि 'पाऊस' एकत्र बांधले असतील, तर कदाचित ती खऱ्या अर्थाने पावसातच पोहोचली.

इटलीतले मौखिक इतिहासाचे अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांना हाच अनुभव आला होता. तेर्नी या पोलाद कारखान्यांच्या गावात 17 मार्च 1949 रोजी, इटलीच्या नाटोत जाण्याच्या विरोधात निदर्शने चालू असताना, लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीने मरण पावला. पुढे कित्येक वर्षांनी पोर्तेल्ली कामगारांशी बोलले, तेव्हा अनेकांनी तो मृत्यू 1953 मध्ये, कारखान्यातून हजारो कामगारांना काढून टाकले त्या वेळच्या संघर्षात झाला, असे सांगितले. कागदपत्रे समोर असताना पोर्तेल्लींनी ही चूक झटकून टाकली नाही. इतक्या लोकांनी एकच चूक का केली, हे त्यांनी विचारले, आणि उत्तर असे निघाले, की त्या गावाच्या दृष्टीने खरी मोठी जखम 1953 ची होती आणि लोकांच्या मनाने आपला मृत माणूस तिथे नेऊन ठेवला होता. कागदाने तारीख सांगितली, आणि त्या मृत्यूचा लोकांच्या लेखी अर्थ काय होता, ते त्यांच्या चुकीमुळे कळले.

म्हणून काकांना सांगा, की नोंदणीचा कागद जपून ठेवा, त्याचा स्वच्छ फोटो काढा, आणि 'क्लेम'चे काही कागद असतील तर तेही शोधा. निर्वासितांनी मागे सोडलेल्या मालमत्तेच्या दाव्यांसाठी 1950 मध्ये कायदा झाला होता, आणि त्या अर्जांच्या नकला पुष्कळ घरांत ट्रंकेच्या तळाशी अजून सापडतात. त्यांत घराचा पत्ता, खोल्या, दुकान असे तपशील असतात. पण कागद आणि कथा शेजारी शेजारी ठेवा, एकाने दुसरे खोडू नका. अम्मांसमोर तर मुळीच नको. मी स्वतः अनेक वर्षांपूर्वी नात्यातल्या एका वृद्ध गृहस्थांना बोलते केले होते. त्यांनी एक साल चुकवले, मी उत्साहाने दुरुस्त केले, आणि ते 'मग तुम्हालाच माहीत आहे की' असे म्हणून थांबले. त्या दिवशी ते पुन्हा बोलले नाहीत, आणि मला दुसरा दिवस मिळाला नाही. फरकाची नोंद आपल्या वहीत करावी, तोंडाने करू नये.

वडिलांविषयी तुम्ही थोड्या रागाने लिहिले आहे. ते 'भूतकाळापासून पळतात' हा शब्दप्रयोग मला कठोर वाटला. ते त्याच छावणीत जन्मले आणि वाढले, असे तुम्हीच लिहिले आहे. तुम्ही अम्मांच्या रात्री गेल्या वर्षभर पाहता आहात. त्यांनी लहानपणी त्या पाहिल्याच नसतील का? आईला कशाने त्रास होतो, हे शिकूनच ते मोठे झाले असतील, आणि 'उकरू नका' ही त्यांची आयुष्यभराची राखण असेल. मौन म्हणजे विसरणे, असे आपण समजतो. पुष्कळदा ते जपणेच असते, फक्त दार लावून. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी त्यांना विचारा, की त्यांना कशाची भीती वाटते, आणि काय झाले तर आपण थांबायचे. त्यांनी सांगितलेली खूण, उदाहरणार्थ दोन रात्री झोप उडाली तर थांबायचे, मनापासून मान्य करा. शिवाय त्यांचीही मुलाखत घ्या. बराकीतले बालपण, त्या काळची शाळा, घरात सिंधी आणि बाहेर मराठी, आपली भाषा मुलीपर्यंत का पोहोचली नाही, या सगळ्याचे साक्षीदार तेच आहेत. विस्थापनाची गोष्ट एका पिढीत संपत नाही, आणि दुसऱ्या पिढीला कुणी फारसे विचारत नाही.

बोलण्याने मन हलके होते, या समजुतीवरही फार विसंबू नका. काहींचे होते, काहींचे होत नाही, आणि आपण मुलाखत घेतो आहोत, उपचार करत नाही. वर्षभरापूर्वी रात्रीचे बोलणे अचानक सुरू झाले असेल, तर झोप, औषधे आणि स्मृती यांच्या दृष्टीने एकदा डॉक्टरांनाही दाखवा. त्यामुळे अम्मांची गोष्ट खोटी ठरत नाही, त्यांची काळजी मात्र घेतली जाते.

अम्मांनी होकार दिला तर सकाळी किंवा दुपारी बसा, रात्री नको, कारण रात्रीची आठवण घेऊन त्यांना एकटीने झोपावे लागते. एका वेळी पाऊण तास, फार तर तास. खिडकी लावा, पंखा शक्यतो बंद ठेवा. पंख्याची घरघर आपल्याला तेव्हा जाणवत नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये शब्द खाऊन टाकते. फोन विमान मोडवर टाकून अम्मांपासून हातभर अंतरावर, त्यांना दिसेल असा ठेवा. ध्वनी फार न दाबणारा, म्हणजे शक्य तर वेव्ह प्रकारचा, पर्याय निवडा. आरंभी तुम्ही स्वतः दिनांक, ठिकाण, कोण बोलणार, खोलीत कोण आहे आणि भाषा कोणती, एवढे बोलून घ्या. तीस वर्षांनी ऐकणाऱ्याला हेच पहिले लागते. व्हिडिओ करायचा की नाही ते अम्मांना विचारा. हातवारे आणि चेहरा मोलाचा असतो, पण कॅमेऱ्यापुढे काही माणसे अवघडतात.

त्यांना सिंधीतच बोलू द्या. तुम्हाला समजावे म्हणून त्या मराठीत बोलू लागल्या, तर तुम्हाला समजणाऱ्या तेवढ्याच गोष्टी त्या सांगतील. तुम्हाला सिंधी नीट येत नाही ही अडचण खरी आहे, पण 'दादी'च्या बाबतीत काय झाले ते पाहा. वडील तयार झाले तर त्यांना शेजारी बसू द्या, अर्थात अम्मांना चालत असेल तर. कधी कधी मुलासमोर जे सांगता येत नाही ते नातीसमोर सांगता येते, म्हणून हेही त्यांनाच ठरवू द्या.

प्रश्न थोडे आणि उघडे असावेत. फाळणीपासून सुरुवात करू नका. अम्मा त्या आधी अकरा वर्षे कराचीत जगल्या होत्या. सकाळी घरात सर्वांत आधी कोण उठायचे, पाणी कुठून यायचे, शाळेत कोणत्या रस्त्याने जायच्या, शेजारी कोण होते, कोणत्या सणाला काय शिजायचे, असे विचारा. घर उभे राहिले म्हणजे ते सोडण्याची गोष्ट त्या स्वतःच सांगतील, किंवा सांगणार नाहीत. 'तेव्हा तुला कसे वाटले?' यापेक्षा 'मग काय झाले?' हा प्रश्न बहुतेक वेळा अधिक देतो. घरात त्या काळातले एखादे भांडे, किल्ली, फोटो असेल तर तो त्यांच्या हातात द्या. आणि शांतता आली की ती भरायला धावू नका, मनात वीसपर्यंत मोजा. पत्रातून शिकवता न येणारी ही एकच गोष्ट आहे, आणि सगळ्यांत जास्त तीच लागते. रेकॉर्डिंग बंद केल्यावर लगेच उठू नका; अर्धा तास तिथेच, दुसऱ्या कशाबद्दल बोलत बसा.

त्याच दिवशी फाइलला दिनांकासह नाव द्या आणि तीन प्रती करा, त्यांतली एक दुसऱ्या घरी ठेवा. मूळ फाइल कधीही कापू नका. सगळे लिहून काढणे जमले नाही तर निदान दर पाच मिनिटांना काय विषय निघाला याची अनुक्रमणिका करा. लिहून काढाल तेव्हा सिंधी शब्द सिंधीतच ठेवा. अरबी वळणाची लिपी येत नसेल तर देवनागरी चालते. भाषांतर वेगळ्या पानावर करा.

अमृतसरच्या फाळणी संग्रहालयाबद्दल तुम्ही विचारले आहे. 2017 पासून ते लोकांसाठी खुले आहे, तिथे मौखिक मुलाखतीही जपल्या जातात. 1947 पार्टिशन आर्काइव्ह या उपक्रमानेही दहा हजारांहून अधिक मुलाखती नोंदवल्या आहेत. अशा ठिकाणी रेकॉर्डिंग द्यावे असे मला वाटते, कारण घरातले फोन आणि डिस्क फार वर्षे टिकत नाहीत. पण संमतीचा कागद आधी वाचून अम्मांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा: नाव जाहीर करायचे का, हयातीत खुले करायचे की नंतर, कोणता भाग फक्त घरापुरता ठेवायचा. एकदा दिलेली संमती त्या बदलू शकतात, हेही सांगा. तुकडे कापून समाजमाध्यमांवर मात्र टाकू नका. ज्या बहिणीबद्दल त्या बोलत असतील, तिचीही त्यात गोष्ट आहे, आणि तिला किंवा तिच्या मुलाबाळांना कुणी विचारलेले नाही.

'दादी कोण?' हा प्रश्न तुमच्या यादीत लिहू नका. पहिल्या बैठकीत तर विचारूच नका. घराबद्दल बोलताना 'आम्ही किती भावंडे होतो' हे आपसूक येईल, आणि तिथे अम्मांना वाटले तर त्या थांबतील, वाटले तर पुढे जातील. पुढे गेल्या आणि नाव घेतले, तर ते त्यांना पुन्हा एकदा म्हणायला सांगा, आणि त्यांच्याच उच्चारात, अक्षर न चुकवता वहीत लिहून त्यांना दाखवा.